बोथ्याच्या घाटातला इंटरकूलर

मी वाढले ती पत्रकांच्या गठ्ठ्यांत. अमडापूरच्या आमच्या घरात बाबांच्या संघटनेची पत्रकं छापून यायची, आणि वाचता येण्याआधी मला त्यांच्या घड्या घालता येत होत्या. पत्रकात प्रत्येक दुखण्याला एक कारण असतं आणि त्या कारणाचा पत्ता ठरलेला असतो. बियाणं फसलं तर कंपनी, भाव पडला तर सरकार. मी मोठी झाले, स्वतः पत्रकं लिहू लागले, तेव्हाही जगाकडे असंच बघत होते. त्यामुळे मामाच्या गाडीनं मला जेवढं गोंधळात टाकलं तेवढं कुठल्याच विरोधकानं टाकलं नसेल.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, वरवट बकालचा. काळी जमीन, वर्षानुवर्षांची कपाशी. अळी लागत नाही म्हणत बीटी कपाशी आली तेव्हा पहिली काही वर्षं त्यानं तिची फार तारीफ केली होती. मग बोंडांत गुलाबी अळी दिसू लागली. बाहेरून बोंड हिरवंगार, टणक, आणि उकललं की आत किडलेली सरकी आणि पिवळी पडलेली रुई. त्या हिवाळ्यात मी बोंडअळीवर एक पत्रक लिहिलं. बियाण्याच्या पिशवीवर छापलेलं वचन शेतात का उतरलं नाही, ते मी कडक शब्दांत विचारलं होतं. मामानं ते उभ्यानंच वाचलं, घडी घालून परत दिलं आणि म्हणाला, "लिहिलं चांगलं हाये. पन मी आता पेरू का नोको, हे याच्यात कुठी हाये?"

ते त्यात नव्हतं.

मामाकडे एक जुनी डिझेल जीप होती. उन्हाळ्यात मी त्याच्याकडे गेले तेव्हा तो शेतापेक्षा त्या गाडीबद्दलच जास्त बोलत होता. शेगाव ते बुलढाणा प्रवासी न्यायचे, असं त्यानं मनाशी धरलं होतं. अडचण एकच होती. खामगाव सोडल्यावर बोथ्याचा घाट लागतो, आणि मे महिन्याच्या उन्हात भरलेली गाडी तिथे दम टाकायची. काळा धूर, गरमीचा काटा वर, आणि मागच्या गाड्यांचे हॉर्न. मामीनं मला चुलीपाशी बसून सगळं सांगितलं. गाडी भर उन्हात, भरल्या माणसांनिशी घाट चढली तर मामा शेत शेजाऱ्याला मक्त्यानं देणार. नाही चढली तर मृगाआधी दुकानात जाऊन तेच बियाणं आणणार, कारण दुसरं मिळतच नव्हतं.

हे ऐकल्यापासून मला कळेना, मी कशाच्या बाजूनं आहे. माणसानं शेत सोडणं म्हणजे हार, हे मी किती पत्रकांत लिहिलं होतं. आणि तीच बीटी पुन्हा पेरणं म्हणजेही हारच. गाडी चढली तर रानातून एक शेतकरी कमी, आणि नाही चढली तर त्या कंपनीला एक गिऱ्हाईक. मला वाटायचं, गाडीनं अर्धाच घाट चढावा. पण अर्ध्या घाटावर कुणाचं पोट भरत नाही, हेही मला कळत होतं.

शेगावच्या मिस्त्रीनं यावर इलाज काढला होता. भंगारात गेलेल्या एका दुसऱ्या गाडीचा इंटरकूलर त्याच्याकडे पडून होता. दिसायला रेडिएटरसारखाच, पातळ पत्र्यांची जाळी, पण पाण्याचा पत्ता नाही. मिस्त्री हसतमुख माणूस. त्यानं मला सायकलच्या पंपाचं उदाहरण दिलं. पंप मारताना नळी गरम होते ना, तसं इंजिनाला लावलेला टर्बो हवा दाबतो आणि हवा तापते. तापलेली हवा पातळ, इंजिनाचं पोट तिनं भरत नाही. म्हणून ती आधी या जाळीतून फिरवायची. गाडी पळते तेव्हा समोरचा वारा जाळीतून जातो आणि आतल्या हवेची गरमी घेऊन जातो.

मी म्हटलं, मे महिन्यातला शेगावचा वारा आणि थंडावा देणार?

"अंदरकी इसेभी गरम हाये, बाई," मिस्त्री म्हणाला. "हवाच हवेले थंडी करते. पन खरं सांगू का, या गाडीले मी पहिल्यांदाच बसवून राह्यलो. अल्ला मालिक."

हे ऐकून मामा मिस्त्रीकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघू लागला, जणू मी काही शिकून आलेली होते.

रेडिएटरपुढे जाळी ठेवून पाहिली, बसेना. मग मिस्त्रीनं ती खाली, बंपरच्या मागे बसवायचं ठरवलं. तिथे वारा यावा म्हणून बंपरचा पत्रा कापून मोठं भोक पाडलं. दोन वेगवेगळ्या गाड्यांचे पाइप वाकड्या रबरी नळ्यांनी जोडले, क्लॅम्प आवळले, एक पाइप बॅटरीला घासत होता तर बॅटरीच थोडी सरकवली. दिवस मावळायच्या आत काम झालं. गाडी सुरू केली तर आवाज तोच. मला उगाच वाटत होतं, काहीतरी वेगळं ऐकू येईल. मामा मात्र त्या भोकाकडेच पाहत होता. समोरचे दात पडलेल्या माणसासारखी गाडी दिसत होती आणि मामाला त्याची लाज वाटत होती.

त्याच आठवड्यात बुलढाण्याला कचेरीसमोर आमचं धरणं होतं. बोंडअळीनं कपाशी गेलेल्यांना भरपाई मिळावी म्हणून. वरवट बकालची माणसं मामाच्या गाडीतून न्यावी, असं मीच सुचवलं. माणसंही पोचतील आणि मामाला भरल्या गाडीची परीक्षाही घेता येईल. पुढची सीट संघटनेतल्या काकांची होती. बाबांच्या वयाचे, आयुष्यभर चळवळीत, आणि घरात पाणी मागतानाही स्टेजवरून बोलल्यासारखे बोलणारे. माणसं बसायच्या आधी काकांनी पिशवीतून बॅनर काढला.

आमच्यात बॅनर गाडीच्या पुढेच बांधतात. टपावर नाही, बाजूलाही नाही. समोरून येणाऱ्यानं वाचला पाहिजे, हा नियम मी जन्मापासून पाहिलेला. चारी कोपऱ्यांच्या दोऱ्या बंपरला घट्ट आवळायच्या, वाऱ्यानं फडफडला तर अक्षरं वाचता येत नाहीत म्हणून. काकांनी आणि मी मिळून तो बांधला. 'शेतकरी वाचवा' ही मोठ्या लाल अक्षरांची ओळ बरोबर मधोमध आली. भोक झाकलं गेलं म्हणून मामाही खूश झाला.

खामगावपर्यंत काही वाटलं नाही. मामा एकदा म्हणाला की गाडी जड जाते आहे, पण माणसं दाटीवाटीनं बसली होती, जड जाणारच. बोथ्याचं जंगल सुरू झालं, रस्ता वर वळू लागला आणि दुसऱ्याच वळणावर मागे काळा धूर सुटला. काटा वर सरकू लागला. मामानं गिअर खाली घेतला, आणखी खाली घेतला. मोटरसायकलवरचा एक माणूस तोंडावर रुमाल धरून आमच्या बाजूनं पुढे आला, वळून बॅनर वाचला आणि ओरडण्याऐवजी अगदी शांतपणे म्हणाला, "समोर 'वाचवा' लिहून ठेवलं आन मांगच्याईले मारून राह्यले तुम्ही."

मामानं गाडी कडेला घेतली.

बॉनेट उघडलं. पाइप जागेवर होते, क्लॅम्प घट्ट. मिस्त्रीला फोन लावला तर त्यानं विचारलं, शिट्टीसारखा आवाज येतो का? येत नव्हता. मग तो म्हणाला की वापस आना, पाहू. एकजण म्हणाला डिझेल खराब. काका म्हणाले, भांडवलदारांचं भंगार भांडवलदारांसारखंच वागणार. सगळे हसले, मामा हसला नाही. शेवटी ठरलं की वजन फार झालं. सगळे उतरा, चालत चला.

चालत जायचं तर मोर्चा म्हणूनच जायचं, असं काका म्हणाले आणि त्यांनी बॅनर सोडला. दोघांनी तो दोन बाजूंनी धरला, आम्ही मागून घोषणा देत निघालो. ऐकायला फक्त माकडं होती. मामा रिकामी गाडी घेऊन पुढे गेला. धूर नाही, कुरकुर नाही, दोन वळणांपलीकडे दिसेनाशी झाली. थोड्या वेळानं तो गाडी वळवून खाली आला आणि आमच्यापाशी थांबला.

"मक्खनवानी चढली," तो म्हणाला, पण आनंदानं नाही. रिकामी गाडी चढली, भरलेली चढली नाही. याचा अर्थ सगळ्यांना एकच दिसत होता. मामानं चाकाला पाय लावून पाहिला, काहीच कारण नसताना, आणि खाली बघत म्हणाला, "चला. म्हंजे यंदाही तेच बियानं."

माणसं परत बसू लागली. काका बॅनर घेऊन पुढे गेले, पहिली दोरी बंपरला अडकवली. मी दुसरं टोक धरून उभी होते. कापड ताणलं गेलं आणि ते कापलेलं भोक हळूहळू अक्षरांमागे गेलं. मिस्त्रीनं ते भोक कशासाठी पाडलं होतं, ते मला आठवलं. मला खात्री कशाचीच नव्हती. पण मी टोक सोडून दिलं.

"काका, नका बांधू."

"काऊन?"

"त्या भोकातून हवा जाते."

"कोनती हवा?"

मला सायकलच्या पंपापासून सुरुवात करायची होती, पण सगळे गाडीतून माना काढून बघत होते. मी एवढंच म्हटलं की गाडीची हवा. काकांचा चेहरा कडक झाला. बॅनर घडी करून न्यायला आपण लग्नाले चाललो काय, असं त्यांनी विचारलं. आणि वर म्हणाले, तुह्या बापानं हे ऐकलं तर काय म्हणंल.

मामानं बांध म्हटलं नाही, सोड म्हटलं नाही. आणि तिथे त्या उन्हात मला लख्ख कळलं की बॅनर बांधला तर मामा शेतात राहील. मला हेच तर हवं होतं, निदान पत्रकांत तरी. काकांना बांधू देणं किती सोपं होतं, काही न बोलता. पण मग त्याचं शेतात राहणं एका ताणलेल्या कापडामुळे ठरलं असतं, आणि त्याला ते कधी कळलंही नसतं. गाडी हरायची असेल तर खरी हरू दे, असं मी मनाशी म्हटलं. काकांनी अडकवलेली दोरी मी सोडली, बॅनरची घडी घातली आणि तो मांडीवर घेतला.

गाडी भरलेली होती, तेवढीच. त्याच वळणावर मामानं गिअर बदलला. मागे पाहिलं तर राखाडी, विरळ धूर. काटा थोडा हलला आणि थांबला. पुढचं वळण, त्याच्या पुढचं. काका पुढे बघत म्हणाले की थांबल्यानं इंजिन गार झालं, म्हणून चढून राह्यली. तेही खरं असू शकतं. मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. वर सपाटीला लागल्यावर मामानं आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"चढली वं, पोरी."

मी मान हलवली. आनंद झाला की वाईट वाटलं, याचा मी बुलढाण्यापर्यंत विचार करत होते.

कचेरीसमोर काकांनी बॅनर दोन कडुलिंबांमध्ये बांधला, माझ्याकडे न बघता. भाषणं सुरू झाली. मामा रस्त्यापलीकडे गाडीपाशी उभा होता, फडक्यानं ते भोक पुसत. आता त्याला त्याची लाज वाटत नसावी. माइकवरून सांगितलं गेलं की ज्यांची कपाशी अळीनं खाल्ली त्यांनी समोर येऊन बसावं. मी मामाला बोलवायला गेले.

"जाऊ का?" त्यानं विचारलं.

"जा ना. तुही कपाशी गेली नाही काय?"

"गेली. पन यंदा मी लावून नाही राह्यलो. तिथी मी कोन म्हनून बसू?"

माझ्याकडे उत्तर होतं, म्हणजे भरपाईचं होतं. मागच्या हंगामाचं नुकसान, त्याचा हक्क, सगळं. पण त्यानं ते विचारलं नव्हतं. त्यानं फडकं गाडीत टाकलं आणि स्वतःच जाऊन शेवटच्या रांगेच्या टोकाला बसला, किल्ली मुठीत धरून. स्टेजवरचा वक्ता म्हणाला की एकाही शेतकऱ्यानं आपली माती सोडू नये. टाळ्या पडल्या. मामानंही वाजवल्या.

तेवढ्यात कोर्टाच्या बाजूनं बगलेत फाइल घेतलेला एक माणूस आला आणि रांगेमागून विचारू लागला, ही जीप कोणाची, शेगावले जाते काय. मामानं हात वर केला आणि उठला. मी त्याला थांबवायला तोंड उघडलं, पण काय म्हणून थांबवायचं ते मला सुचलं नाही. मागचा माणूस सरकून मामाच्या जागेवर बसला.