आबांसाठी मागवलेलं मशीन

सिगारेट वळायचं ते छोटं मशीन मी ऑनलाइन मागवलं ते खरंतर शेजारच्या आबांसाठी! आजारपणानंतर त्यांचे हात थरथरायला लागले, बिडी वळताना सगळी तंबाखू सांडायची, आणि दुसऱ्यानं वळलेली ते ओढायचेच नाहीत. म्हणजे सगळं बंदच झालं ना!

आमची वाडी लोणावळ्याच्या वरच्या अंगाला. मशीन घरी आलं त्या सकाळी इतकं धुकं होतं की आबांचा ओटा ढगात हळूहळू तरंगतोय असंच वाटत होतं. मी मशीन त्यांच्यापुढं ठेवून त्यात तंबाखू भरायला गेलो, तर आबा म्हणाले, "तू हात लावू नगंस. नुसतं सांग."

मग त्यांनीच मशीनच्या दोन छोट्या रुळांमध्ये तंबाखू भरली, अंगठ्यांनी रूळ फिरवले, कागद सरकवला, कडेला जीभ लावून परत फिरवलं. आणि निघाली! पोट जरा सुटलेलं, पण अख्खी सिगारेट!

काडी लावली तर पेटेचना. धुक्यानं तंबाखू पार सादळली होती.

"आबा, तव्यावर वाळवून आणू?"

"ऱ्हाऊ दे रं," ती तशीच ओठात धरून आबा पांढऱ्या दरीकडं बघत हसले. "पेटंल उद्या. वळली तर मीच न्हवं?"