बेल्जियमची सावड

माझा धाकटा भाऊ हरेश बेल्जियममध्ये सायकल चालवतो असं सांगितलं, की आमच्या टोकावडे गावातली माणसं हमखास विचारतात, "बरं, पण काम काय करतो?" हेच काम, त्याचाच पगार मिळतो, असं मी तीन वर्षं सांगत आले. सांगून सांगून माझंच डोकं चालेनासं झालं. कारण खरं बोलायचं तर ते काम नक्की काय आहे, हे आमच्या घरात कोणालाच कळलं नव्हतं. हरेशला तरी कळलं होतं की नाही, देव जाणे.

मी अंगणवाडी सेविका आहे, अगदीच अडाणी नाही. तरी पहिली शर्यत मोबाइलवर पाहिली तेव्हा माझीही मती गुंग झाली. चांगले शंभर किलोमीटर होईपर्यंत हरेश सगळ्यांच्या पुढे होता. आईने देवापुढे दिवा लावला. आमचे बाबा, म्हणजे बारकूशेठ, त्यांनी शेजारच्या गोजरकाकीला हाक मारून बोलावून घेतलं. आणि शेवटचे दहा किलोमीटर राहिले तसा हरेश बाजूला झाला. सगळे त्याला मागे टाकून निघून गेले. निकालात त्याचा नंबर एकशे बारावा!

"पोटात दुखला का रे तुझ्या?" फोन आल्या आल्या बाबांनी विचारलं.

"नाय बाबा. माझा काम तेवढाच. मी पुढं राहून वारा अडवतो. यान माझ्या मागं राहतो, त्याची ताकद वाचते. मग शेवटी तो सुटतो."

"म्हणजे जिंकतो कोण?"

"यान."

"आनि तू?"

"मी त्याला पाणी पण आणून देतो."

यान हा त्यांच्या टीमचा मुख्य गडी. बाकीचे सहा जण त्याच्यासाठी राबणारे. मागून टीमची गाडी येते, तिच्याकडे जायचं, सात-आठ बाटल्या शर्टात कोंबायच्या आणि पुन्हा धापा टाकत पुढे येऊन सगळ्यांना वाटायच्या. यानचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून द्यायचं आणि आपण रस्त्याच्या कडेला उभं राहायचं. खायला म्हणे गोड भाताच्या वड्या देतात, कागदात गुंडाळून, पाठीवरच्या खिशात घालून. "भात? खिशात?" आईला बाकी सगळं एक वेळ पटलं, हे काही शेवटपर्यंत पटलं नाही.

बाबांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी जेवता जेवता म्हणाले, "सावड हाय ती."

आमच्याकडे आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, मजूर मिळत नाहीत, म्हणून चार-पाच घरं मिळून सावड करतात. आज सगळी तुमच्या शेतात उतरतात, उद्या माझ्या. कोणी लिहून ठेवत नाही आणि कोणी विसरतही नाही. बाबांचं म्हणणं असं, की सध्या यानच्या शेतात आवणी चालली आहे. आपला नंबर यायचाय.

हरेशला हे फारच आवडलं. "अगदी तसंच हाय बाबा," म्हणाला. मग काय, बापलेकांचं ठरूनच गेलं. पहिलं वर्ष गेलं, दुसरं गेलं. एकदा मी चिडून त्याला विचारलं, "अरे, तुझी पाळी येणार असं तुला कोणी सांगितलंय का?"

"सांगायला कशाला लागतं, ताई? सावडीत कोण सांगतं?"

मलाही वाटायला लागलं, असेल बुवा, तिकडेही असेल.

तिसऱ्या वर्षी सप्टेंबरात टीमच्या साहेबांनी त्याला बोलावलं. करार ऑक्टोबरात संपत होता. साहेब सरळ बोलले: तू काम चांगलं करतोस, पण असं काम करणारी तुझ्याहून लहान पोरं मला मिळतात. पुढच्या वर्षी एकच जागा आहे. या रविवारी तुझ्या स्वतःच्या नावावर पहिल्या दहात नंबर आण, जागा तुझी. यान आणि बाकी सगळे त्या दिवशी तुझ्यासाठी चालवतील.

शर्यतीच्या शेवटी पाच किलोमीटरचा चढ होता. माळशेज घाट चढून उतरून ज्याच्या पोटऱ्या घडल्या, त्याला पाच किलोमीटर म्हणजे काय? "आली का नाय सावड!" बाबा अख्ख्या गावाला सांगून आले.

रविवारी आम्ही सगळे मोबाइलभोवती बसलो. पहिला तास झकास गेला. यान पुढे, हरेश मागे, वारा यानच्या छातीवर. जरा वेळाने पाहते तर हरेश पुढे! मला वाटलं, चुकून जुनीच शर्यत लागली असेल. मग तो दिसेनासाच झाला. पुन्हा दिसला तेव्हा शर्ट फुगलेला, आणि हा पठ्ठ्या सगळ्यांना बाटल्या वाटतोय. यान हात हलवून हलवून मागे दाखवत होता, मागे जा. हरेश दोन मिनिटं मागे जायचा की परत पुढे. "मागं राहा रे गाढवा!" मी ओरडले. आईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच त्याला पुढे ढकलत होते.

चढ आला तोवर त्याचे पाय संपले होते. नंबर त्रेचाळिसावा.

दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा मी त्याला श्वास घेऊ दिला नाही. काय झालं होतं तुला? डोकं फिरलं होतं?

"मला जमलाच नाय, ताई," तो म्हणाला. "ते सगळे माझ्यासाठी मरत होते. त्यांच्या मागं आयतं बसून जायची लाज वाटली. आपल्या शेतात सावड असली की आपण काय करतो? घरचा माणूस पहिला चिखलात उतरतो, शेवटी वर येतो. आलेल्यांना पाणी आपणच देतो ना? आपल्या शेतात माणसं राबतात आणि मी बांधावर बसू?"

"आणि यान काय म्हणाला?"

"तो म्हणाला, तीन वर्षं मी तुझ्या मागं बसलो, मला कधी लाज नाय वाटली. तुला कसली वाटते?"

साहेबांनी जागा दुसऱ्याला दिली होती.

राग कोणावर काढावा तेच मला कळेना. हरेशने केलं ते चूक म्हणावं, तर आम्ही सगळे तसेच वाढलो. बरोबर म्हणावं, तर पोरगा हातची जागा घालवून बसला. तेवढ्यात बाबांनी माझ्या हातून फोन घेतला. आता हे म्हणणार, शाब्बास, घराण्याचं नाव राखलंस, आणि मग मी काही ऐकून घेणार नाही, असं मी मनाशी ठरवूनही टाकलं.

"हरेश," बाबा म्हणाले, "चूक तुझी नाय रे. तुला चिखलात उतरवला तेवा तू सात वर्षांचा. एकदा तरी तुला बांधावर बसवून सांगायला पायजे होता, की बस, आज तुझ्यासाठी आमी लावतो. आमी कधी सांगितलाच नाय."

पलीकडे माझा सव्वीस वर्षांचा भाऊ हुंदके देऊन रडायला लागला, आणि त्याचं रडून होईपर्यंत बाबा फोन कानाला लावून तसेच उभे राहिले.