आपा आणि देवीच्या डोहातले खडस

आपांसमोर ‘सगळे सारखेच’ असं म्हणायची सोय नव्हती. लक्ष्मीपुरीच्या बाजारात एखादी भाजीवाली म्हणाली, ‘घ्या की आपा, सगळी वांगी एकसारखीच हायेत,’ की आपा पिशवी खाली ठेवत आणि तिला तिच्याच वांग्यांची ओळख करून देत. ह्याचा देठ बघ, ह्याचे काटे बघ, ह्याचा जांभळा रंग पांढऱ्याकडे कसा गेलाय बघ. मागे गिऱ्हाइकं ताटकळत, पण मध्ये बोलायची कुणाची टाप नव्हती. वर्गात कुणी बेडकाच्या आकृतीखाली ‘सर्व बेडूक असेच दिसतात’ असं लिहिलं तर ती वही खिडकीतून बाहेर जायची. नुसती धमकी नव्हे, खरोखर जायची. माझी गेली आहे.

आपा आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. घराणं पिढ्यान्‌पिढ्या कोल्हापूरचं. वडील कल्हईचं काम करायचे आणि धाकट्या भावाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. हा भाऊ डबा घेऊन यायचा आणि मुसलमान घरांत थोरल्या बहिणीला मारतात तशी व्हरांड्यातूनच ‘आपा’ म्हणून हाक मारायचा, म्हणून त्या साऱ्या कॉलेजच्या आपा झाल्या. लग्न केलं नाही. का, असं विचारायची छाती कुणाची झाली नाही. मी सत्तरच्या दशकात एम.एस्सी.चा प्रबंध त्यांच्या हाताखाली केला आणि नंतर त्याच प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर म्हणून चिकटले. त्यांच्यावर लिहायला बसले की लोक अपेक्षा करतात तसा गहिवर वगैरे मला येत नाही. राग येतो. आजही येतो, आणि तो लपवण्याइतकी मी अजून सभ्य झालेले नाही.

आपांचं काम त्या काळात फार कुणाला कळत नसे. रानातल्या, नदीतल्या प्राण्यांचं रक्त घ्यायचं आणि त्यातली प्रथिनं तपासायची. त्यासाठी बटाट्याच्या पिठाची खळ शिजवून तिची जाड वडी पाडायची, तिच्या एका कडेला रक्ताचे नमुने लावायचे आणि वडीतून वीज सोडायची. प्रथिनं विजेबरोबर सरकत जातात, कुणी भरभर, कुणी रमतगमत. मग रंग टाकला की जिथं जे थांबलं तिथं पट्टा उमटतो. एकाच जातीच्या दोन माशांचे पट्टे वेगळ्या जागी उमटले तर समजायचं की वरून एकसारखे दिसणारे हे दोघं आत कुठंतरी वेगळे आहेत. त्या प्रथिनाच्या साखळीतला एखादा दुवा कधीकाळी बदलला आणि तो बदल पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. परदेशात यासाठी तयार पीठ मिळायचं. आमच्याकडे आपा बटाटे किसायला बसवायच्या. विजेचं यंत्र भावानं जुन्या रेडिओंच्या पोटातून काढलेल्या वस्तूंचं बनवलं होतं. बर्फ कारखान्यातून गोणपाटात, भुशात गुंडाळून यायचा. मध्येच वीज गेली की सगळी मेहनत पाण्यात. मग आपा वीज मंडळाचा जो उद्धार करत तो ऐकायला शेजारच्या रसायनशास्त्राच्या वर्गातली मुलं दाराशी जमत.

मलकापूरच्या पुढे, शाहूवाडीच्या डोंगरात एक गाव आहे. गावाच्या वर नदीचा एक डोह आहे आणि काठावर देवीचं देऊळ. डोहातले मासे देवीचे. मोठ्या खवल्यांचे खडस. त्यांना कुणी धरायचं नाही, खायचं नाही, लाह्या-फुटाणे मात्र हवे तेवढे टाकायचे. डोहाच्या खाली मोठा धबधबा आहे, त्यामुळे खालच्या नदीतला मासा वर चढत नाही. हे ऐकलं आणि आपांचे कान टवकारले. पण देवीच्या माशाला सुई टोचायची तरी कशी? आपा गावात गेल्या, गुरवाच्या ओसरीवर बसल्या आणि काय करायचंय ते लपवाछपवी न करता सांगितलं. शेपटीजवळून थेंबभर रक्त काढून मासा परत पाण्यात. गुरव म्हणाला, देवीला विचारू. त्यानं कौल लावला. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. उजवी पडली. त्यानंतर दर उन्हाळ्यात आम्ही जायचो. गावातली माणसं धोतराच्या झोळीत मासा उचलून द्यायची, आपा रक्त काढायच्या आणि प्रत्येक माशाला ‘जा बाबा’ म्हणून सोडायच्या. देवळाच्या पायरीवर त्यांनी कधी चपलेनं पाऊल ठेवलं नाही.

आणि त्या डोहातल्या खडसांचा पट्टा निराळ्याच जागी उमटला. खालच्या नदीतले खडस तपासले, आंबोलीकडचे तपासले, आणखी कुठकुठचे मागवले. तसा पट्टा कुणातच नव्हता. कधीकाळी धबधब्यानं वाट तोडली आणि हे मासे वर अडकले, तेव्हापासून त्यांचा आपला वेगळा प्रवास सुरू होता. त्या दिवशी आपा कधी नव्हे ते वर्गाला सुट्टी देऊन भावाच्या दुकानात गेल्या आणि सगळ्यांना चहा पाजला. पण काळजीही त्यांनीच आधी बोलून दाखवली. डोहातले मासे एकमेकांशी फारच मिळतेजुळते होते. त्या म्हणायच्या, रोगाची एक साथ आली तर सगळे जातील, साऱ्या गल्लीला एकच कुलूप असल्यासारखं आहे, चोराला एक किल्ली सापडली की गल्ली साफ.

विभागप्रमुखांना यातलं काय पटलं? काही नाही. जो मासा खाता येत नाही त्याच्यावर वर्षं कशाला घालवायची, असं ते चारचौघांत विचारत. एका मोठ्या शहरातल्या चर्चासत्रात कुणी विद्वान उठून म्हणाले की वेगळा पट्टा म्हणजे बाईंची खळ नीट शिजली नसणार. सभागृह हसलं. आपा म्हणाल्या, ‘या कोल्हापूरला, तुमच्या हातानं शिजवा.’ कुणी आलं नाही. यायचं कशाला, हसून भागत होतं की.

मग तो दुष्काळी उन्हाळा आला. डोह आटत आटत दोन-तीन डबक्यांवर आला. गावानं घागरी ओतून काही मासे जगवले, बाकीचे गेले. हाताच्या बोटांवर मोजावेत इतके उरले. गावाला जत्रेची चिंता पडली. देवीचा डोह रिकामा कसा दाखवायचा? गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन पुढे झाले. परजिल्ह्यातल्या तळ्यातून ट्रक भरून खडस आणून डोहात सोडीन, असा त्यांनी नवस बोलला. आणि गावाला तो नवस पटला, कारण त्यात भक्ती होती, खर्च चेअरमनचा होता आणि मासा दिसायला अगदी तसाच होता.

आपांना कळलं तशा त्या धावल्या. आधी कॉलेजात दोन हौद मागितले. हौदांत शोभेचे मासे होते, तपासणीला येणाऱ्या समितीला दाखवायला ठेवलेले, म्हणून ते रिकामे करता येणार नव्हते. आपांच्या मावसभावाची नेसरीला शेती होती, विहिरीला बारमाही पाणी. तो म्हणाला, आणा. आपा गुरवाकडे गेल्या. उरलेल्यांतले निम्मे द्या, वेगळे ठेवते, डोह सुधारला की परत आणून सोडते. गुरवानं पुन्हा कौल लावला. या वेळी डावी पाकळी पडली. देवीचा मासा शीव ओलांडणार नव्हता.

मी आपांना बाजूला घेतलं. दुपारची वेळ, डोहावर चिटपाखरू नव्हतं, जीपमध्ये पाण्याचे डबे होते आणि मासे गुडघाभर पाण्यात. मी म्हणाले, उचलूया. कुणाला कळणार नाही. आपांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं आता मीच खिडकीतून बाहेर जाते.

‘रगत इचारून घेतलंय,’ त्या म्हणाल्या. ‘जीव चोरून न्हेऊ व्हय?’

आम्ही रिकामे डबे घेऊन परतलो. आणि आता स्पष्टच सांगते, चेअरमनचा, विभागप्रमुखांचा, साऱ्या गावाचा मला आला नसेल इतका राग त्या दिवशी आपांचा आला. ज्यांनी एवढा अभ्यास केला, ज्यांना एकट्यांना कळत होतं की काय बुडतंय, त्यांनी एका पाकळीपुढं मान तुकवावी?

पाऊस होऊन डोहात पाणी आलं आणि जत्रेच्या आदल्या दिवशी ट्रक आला. पुढे बँड, वर गुलाल, पाठीमागे पिंपांतून डचमळणारं पाणी. आपा डोहाकडे उतरणाऱ्या वाटेत उभ्या राहिल्या.

‘दोन पावसाळं थांबा,’ त्या म्हणाल्या. ‘हायेत तेवढं मासं अंडी घालतील, डोह भरंल. ह्यांच्यात दुसरं मिसळलं की मग निवडून काढता येत न्हाय.’

विभागप्रमुखही पाहुणे म्हणून आलेले होते. ते हसत पुढे झाले. डोहातले मासे फार सारखे आहेत अशी तक्रार तुमचीच होती, मग बाहेरचं रक्त आलं तर विविधता वाढेलच की, असं त्यांनी ऐकवलं. आपांचं वाक्य आपांच्याच तोंडावर मारून ते खूश होते. आपा म्हणाल्या, दहा डोहांत दहा तऱ्हा असल्या तर ती विविधता. दहाही डोहांत एकच खिचडी ओतली तर डोह एकच उरतो. विभागप्रमुखांना कळलं नसेल असं नाही. पण बँड वाजत होता आणि हार त्यांच्या गळ्यात होता.

चेअरमन म्हणाले, ‘पावणं, चा घ्या आणि मलकापूरची गाडी गाठा. देवीचं काम हाय. तुमास्नी त्यातलं काय कळणार?’

त्या ‘तुमास्नी’चा अर्थ तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळला. ज्या बायका दरसाल आपांना भाकरी वाढायच्या त्यांना कळला. झोळीत मासे उचलून देणाऱ्यांना कळला. गुरव पायाकडे बघत उभा राहिला. एक माणूस, एक तरी माणूस ‘आपा पावणी न्हाय’ म्हणेल म्हणून मी वाट बघत होते. कुणी बोललं नाही. आपा बाजूला झाल्या आणि पिंपं ओतली गेली.

पुढची वर्षं सांगायला वेळ लागत नाही. आम्ही दर उन्हाळ्यात जातच राहिलो. कारण आपा म्हणायच्या की मरताना बघणाराही कुणी लागतो. आधी पिल्लांत दोन्ही पट्टे शेजारी शेजारी दिसले, जुना आणि नवा. मग जुना क्वचित दिसायला लागला. हौदात टाकलेल्या चिमूटभर मिठाची चव कुठं शोधायची? एका उन्हाळ्यात तो कुठल्याच नमुन्यात दिसला नाही. पुढच्या उन्हाळ्यातही नाही. डोह मात्र माशांनी खच्चून भरला होता, धष्टपुष्ट मासे, आणि काठावर पाटी लागली होती: ‘पुरातन काळापासूनचे दुर्मीळ देवमासे’. खाली देणगीदार म्हणून चेअरमनचं नाव. मला ती पाटी उपटून नदीत फेकायची होती. आपांनी मनगट धरलं म्हणून राहिली.

आपांच्या निवृत्तीला थोडे दिवस उरले होते तेव्हा गुरव कॉलेजात आला. फार थकला होता. डोहातल्या माशांच्या अंगावर जखमा पडून ते मरत होते. गावात बोललं जात होतं की परके मासे देवीला मानवले नाहीत. मी मनात म्हटलं, आता आपा याला सोडत नाहीत. इतक्या वर्षांचं साठलेलं आज बाहेर पडणार. मी दार लावून घेतलं, कारण मला ते ऐकायचं होतं.

गुरव स्टुलावर न बसता उभाच राहिला. म्हणाला, ‘आपा, आमचं जुनं मासं पायजेत. दरसाली रगत न्हेलतं की तुमी. त्यातनं एखादी जोडी करता येती का बघा.’

आपांनी उठून खुर्ची पुढं केली आणि त्याला खांद्याला धरून बसवलं. मग म्हणाल्या, ‘न्हाय बाबा. रगतातनं मासा हुत न्हाय. माशातनंच मासा हुतो.’

आपांनी आपला डबा त्याच्यापुढं उघडला आणि जेवल्याशिवाय उठू दिलं नाही. मग स्वतः त्याला स्टँडवर नेऊन मलकापूरच्या गाडीत बसवून आल्या. आल्यावर खिडकीशी उभ्या राहून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘तवा तुझं ऐकाय पायजे हुतं गं. चोराय पायजे हुतं.’

हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकण्यासाठी मी वर्षानुवर्षं मनातल्या मनात त्यांच्याशी भांडत आले होते. ते कानावर पडलं आणि मला ते नकोसं झालं. मला ओरडून सांगायचं होतं की नाही आपा, तुम्ही विचारून घेतलंत हेच बरोबर होतं. त्याऐवजी मी त्यांचा रिकामा डबा उचलला आणि विसळायला नेला. पुढच्याच वर्षी आपा गेल्या. शोकसभेत विभागप्रमुख बोलले, चेअरमन बोलले, दोघांचेही डोळे भरून आले होते. मी व्यासपीठावर गेले नाही. गेले असते तर एवढंच बोलले असते की त्या डोहावर चुकलो आपण सगळे, आणि ‘माझं चुकलं’ म्हणाल्या त्या एकट्या आपा.