लिंबाच्या झाडापायी

आमच्या आईनं टीव्हीतल्या एका बाईसाठी नवस बोलला होता. हे कुणाला सांगितलं की माणसं आधी पोट धरून हसतात आणि मग गंभीर होऊन विचारतात, "मग पावला का देव?" म्हणजे येड्यांच्या गावात मीच एकटी शहाणी.

सोनपेठला आमचं दोन खोल्यांचं घर आहे, त्यात आई आणि मी. मी शाळेत शिकवते. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारणारे आता थकून गप्प बसलेत. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यातला उजवा पार पिकलेला. परभणीच्या डॉक्टरांनी मला स्वच्छ सांगितलं होतं, की हा डोळा आता थांबायचा नाही, आत दाब वाढला तर गेलेली नजर परत आणता येणार नाही. त्यांनी तारीख दिली. आई म्हणाली, बघू. दुसरी तारीख दिली, तर नेमकी त्या दिवशी हिला सर्दी. तिसऱ्या तारखेला मी रजा काढली, पिशवी भरली, रिक्षा दारात आणून उभी केली, तर ही बाजेवर मांडी घालून बसलेली.

"मला येता येत न्हाई," आई म्हणाली. "मी नवस बोललेय."

नवस कसला, तर ऐका. संध्याकाळी साडेसातला एक मालिका लागते. त्यात चांदण्यांच्या राज्यातली एक राणी शापानं लिंबाचं झाड झालेली आहे. तिची लेक त्याच गावात माणसांच्या घरी वाढते, रोज त्याच झाडाखाली येऊन बसते, आणि ही आपली आई आहे हे तिला माहीत नाही. झाडाला सगळं दिसतं पण बोलता येत नाही. वर्ष झालं, हे असंच चाललंय. महिन्याभरापूर्वी आई शेजारच्या बायांबरोबर पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेली आणि तिथं चक्क देवापुढं उभी राहून बोलून आली, की त्या मायलेकींची भेट घालून दे, तोवर मी डोळ्याचं ऑपरेशन करून घेणार नाही.

"अगं पण ऑपरेशनच का?" मी कपाळाला हात लावला.

"नवसाला कायतरी सोडावं लागतंय की. गोड डॉक्टरनं सोडवलं. चहा तू सोडवलास. माज्याकडं सोडायला राहिलं काय? म्हणून आपरेशन सोडलं."

"आई, ती नटी आहे. शूटिंग झालं की घरी जाऊन जेवते ती."

"जेवू दे की. उपाशी राहा म्हणलं का मी तिला?"

आता बोला! मी रिक्षावाल्याची माफी मागून त्याला परत पाठवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. भांडी आपटून आईवर काही परिणाम होत नाही, हे चाळीस वर्षांत मला कळायला हवं होतं.

आणि गंमत अशी, की जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती झाडातली बाई आईला दिसतच नव्हती. टीव्हीवर तिला नुसते रंग हलताना दिसायचे. म्हणून रोज साडेसातला मी शेजारी बसून सगळं सांगायचं. "काय करायलीय ती?" झाडाखाली बसलीय. "रडायलीय का?" रडतेय. "अन् झाड?" झाड झाडासारखं उभं आहे, आई, झाड काय करणार! मग आई पदर डोळ्यांना लावायची. तेही मला बघवत नव्हतं. मी दिवसभर पोरांपुढं घसा फोडून यायची, स्वयंपाक करायची, हिच्या डोळ्यांत थेंब घालायची, आणि हिची आसवं कुणासाठी, तर लिंबाच्या झाडाच्या लेकीसाठी. खोटं कशाला बोलू, मला त्या पोरीचा राग यायचा. चांगली सोन्यासारखी पोरगी, पण मला राग यायचा.

शेजारच्या वाणी काकूंना मी गाऱ्हाणं सांगितलं. त्या लिंगायत, गळ्यात इष्टलिंग. त्या म्हणाल्या, "आमच्यात असलं नवसाचं न्हाई बाई. आमचा महादेव गळ्यातच असतोय, त्याला सगळं आधीच ऐकू जातंय." पण साडेसातला त्याही आमच्याच घरी येऊन बसायच्या, महादेवासकट.

चौथ्या तारखेच्या आदल्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. "उद्या आणा. यापुढं मी जबाबदार नाही." मी शाळेतून तशीच घरी आले. आणि त्याच संध्याकाळी तो भाग लागला.

आठवडाभर जाहिरात चालली होती, की आज महाभेट, आज अश्रूंना पूर. आई दुपारपासून नवी साडी नेसून बसलेली. वाणी काकू वेळेआधी हजर. एक चेटकीण कुऱ्हाड घेऊन झाड तोडायला आली. लेक धावत आली आणि तिनं झाडाला मिठी मारली. खोडातून पाणी गळायला लागलं. पोरीनं वर बघितलं, तिला सगळं कळलं, ती ओरडली, "आई!" वाणी काकूंनी हुंदका दिला. मीही पुढं सरकून बसले, नाही म्हणत नाही. आता झाड फुटणार, आता ती बाहेर येणार. तेवढ्यात त्या चेटकिणीनं मूठभर राख फुंकली, पोरगी सगळं विसरली, मिठी सोडली आणि पाठ फिरवून चालायला लागली. संवाद एक नाही, नुसती सनई.

माझ्या डोक्याची शीर उडायला लागली. आणखी वर्षभर हे झाड असंच उभं ठेवणार मेले!

"काय झालं?" आईनं माझा हात धरला. "सनई वाजायलीय. काय झालं गं? भेटल्या का?"

मी तिच्या उजव्या डोळ्याकडं बघितलं. बुबुळावर पांढरं पांढरं.

"भेटल्या," मी म्हणाले. "झाड फुटलं. आई बाहेर आली. दोघींनी मिठी मारलीय."

वाणी काकूंनी तोंड उघडलं. मी त्यांना असे डोळे दाखवले, की त्यांनी गळ्यातलं लिंग मुठीत धरलं आणि तोंड मिटलं. आईनं हात जोडले. "पावलास रे बाबा," म्हणाली आणि ढसाढसा रडली. शाळेत रोज फळ्यावर खरं बोलण्याचे सुविचार लिहिणारी मी टीव्ही बंद करून पिशवी भरायला उठले.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, छान झालं. पट्टी निघाली. मी डॉक्टरांच्या नावावर आठ दिवस टीव्ही बंद ठेवला. ते आठ दिवस आईनं मला नको नको केलं. दिसायला लागल्याबरोबर घरभर चष्मा लावून फिरायची. कोपऱ्यात जाळं हाय. डब्याला तेलाचे हात हायेत. एवढं शिकून तुला पातेलं घासता येईना का? घराच्या कणाकणाला तिनं नावं ठेवली. एक मला सोडून. माझ्याकडं नुसती बघत बसायची. मी वळून बघितलं, की मान फिरवायची.

नवव्या दिवशी मी शाळेतून आले, तर टीव्ही चालू.

"हे झाड अजून झाडच हाय की!" आई म्हणाली.

मी चप्पल काढायचीच विसरले.

"तू मला फसवलंस. नवस मोडलास. त्या नरसिंहाला मी आता काय तोंड दाखवू?"

"हो, बोलले खोटं!" माझा तोल गेला. "तुझा डोळा जात होता, आई! त्या झाडाच्या लेकीसाठी देवाला साकडं घालतेस. मी रोज तुझ्या शेजारी बसून घसा कोरडा करते, माझ्यासाठी कधी एक अगरबत्ती लावलीस का?"

आईनं टीव्ही बंद केला. त्या दिवशी जेवलीही नाही. मी मनातल्या मनात सतरा वेळा माफी मागितली, पण तोंडानं एकदाही नाही. तिचीच लेक मी.

सकाळी उठले, तर ती नारळ घेऊन तयार. "पोखर्णीला चल. त्याला सांगून यायचंय." एसटीत वाटभर ती खिडकीकडं तोंड करून बसली. आईला कानानंही कमी ऐकू येतं, त्यामुळं ती देवाशीसुद्धा मोठ्यानं बोलते. देवळात पाच-पंचवीस माणसं होती. ती देवापुढं उभी राहिली, काळा चष्मा काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"देवा, ही पोरगी खोटं बोलली. तिला कायबी करू नको. शिक्षा द्यायची तर मला दे. पण डोळा ऱ्हाऊ दे. पट्टी काढली त्या दिशी मी बघितलं, हिचे सगळे केस पिकलेत. कधी पिकले मला म्हाईत न्हाई. हिच्याकडं बघायला माज्याबिगर कुणी न्हाई रे."

माणसं माझ्याकडं वळून बघायला लागली. मी खांबाला धरून उभी होते. रडू आवरेना आणि पर्समध्ये रुमाल सापडेना.

आईनं नारळ ठेवला, चष्मा चढवला, दोन पावलं आली आणि परत वळली.

"अन् हां, त्या झाडाचंबी बघ की रे. वरीस झालं."

बाहेर आल्याबरोबर मी डॉक्टरांना फोन लावला आणि दुसऱ्या डोळ्याची तारीख मागितली. आई शेजारी उभी होती. तिनं माझ्या पदराला लागलेलं कुंकू झटकलं आणि म्हणाली, "लवकरची घे."