काटी लावून जा, सर

डॉक्टरांनी रक्तातली साखर वाढल्याचं सांगितलं आणि वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी मी गिअरची सायकल घेतली. बायको म्हणाली, "कोपऱ्यावरून दळण आणाले तुमाले स्कूटर लागते, अन् तलावावर म्हणे सायकलनं!" मी यवतमाळला शाळेत भूगोल शिकवतो. वर्गात नकाशे काढून हात शिवशिवलेलाच असतो, त्यामुळे सायकल आली तशी मला रस्ते शोधायची खोडच लागली. दर रविवारी पहाटे निघायचं, आर्णीच्या रस्त्यानं जाऊन आत वळायचं आणि तलावाकाठच्या एका गावाभोवती कुठून कुठून फिरता येतं ते पाहायचं.

त्या गावाला सायकलीनं फिरायचे तीन रस्ते आहेत. ते मी शोधले असं मी सगळ्यांना सांगायचो. खरं म्हणजे गावाला ते जन्मापासून ठाऊक होते. पहिला धरणाच्या भिंतीवरचा. सरळ, सपाट, पण वारा असा तोंडावर येतो की माणूस जागच्या जागी पायडल मारत राहतो. दुसरा सागाच्या जंगलातून. फाल्गुनात तिकडे पळस फुललेले असतात आणि खाली सागाची वाळकी पानं चाकाखाली करकर वाजतात. आणि तिसरा अगदी पाण्याच्या कडेनं. तो सगळ्यात देखणा. एका बाजूला पाणी, त्यात उभे बगळे, दुसऱ्या बाजूला उघडा पडलेला काळा गाळ आणि त्यावर हिरवे वेल.

ते वेल डांगराचे होते. हिवाळ्यात तलावाचं पाणी ओसरू लागलं की गावातली काही घरं त्या गाळात डांगरं लावतात, म्हणजे टरबुजं आणि खरबुजं. पाऊस येईपर्यंतची शेती. माझा तिसरा रस्ता एका मावशीच्या डांगरवाडीला खेटून जात होता. वाडीला बोरी-बाभळीच्या फांद्यांचं कुंपण होतं आणि पायवाटेच्या तोंडाशी एक मोठी काटेरी फांदी आडवी लावलेली असायची. तिला सगळे काटी म्हणत. गावातल्या गुराख्याची, तिकडच्या बोलीत ढोरकीची, ढोरं दुपारी आणि संध्याकाळी तिथूनच पाण्यावर जायची. तो काटी काढून कुंपणाला टेकवून ठेवायचा, ढोरं बाहेर आली की पुन्हा आडवी लावायचा.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मावशींनी मला अडवलं नाही. पदर डोक्यावर घेऊन माझ्या सायकलीकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "जा नं बाप्पा. वाट काही माह्या घरची नाही. पण काटी लावून जा, सर. आमच्या गावचं लेकरू बी लावून जाते."

मी लावायचो. वर्षभर इमानानं लावली. दोनदा त्या काटीचे काटे टायरात घुसले, दोन्ही वेळा पंक्चर काढत उन्हात बसलो आणि मनातल्या मनात बाभळीच्या सात पिढ्या उद्धरल्या. पण लावली.

मग मला प्रसिद्धीची हाव सुटली. आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर मी तिन्ही रस्त्यांचे नकाशे टाकले, फोटो टाकले. लोकांनी वाहवा केली. गेल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका रविवारी मी नऊ जणांना घेऊन निघालो. सगळ्यांच्या पुढे मी, डोक्यावर हेल्मेट आणि डोक्यात हवा.

काटीपाशी पोचलो तेव्हा सात वाजून गेले होते. वाडीवर कोणी नव्हतं. मावशी भाचीच्या लग्नाला नेरला गेल्या होत्या, हे मला नंतर कळलं. काटी नीट लागलेली होती, दगड ठेवून पक्की केलेली. मी दगड काढला, काटी उचलली आणि कुंपणाला टेकवून ठेवली, तो ढोरकी ठेवायचा अगदी तशीच. मागचा एक जण म्हणाला, "लावू का परत?" मी म्हणालो, "राहू द्या, याच वाटेनं परतायचं आहे. उगाच कोणाचं टायर जाईल."

परतताना कोणाला तरी कडक चहा आणि गरम भजी आठवली. टपरी होती डांबरी सडकेवर, म्हणून आम्ही दुसऱ्या अंगानं सडकेला लागलो. भज्यांची पहिली प्लेट आली आणि मला काटी आठवली.

हे मला लिहायलाच हवं. काटी मला आठवली होती. विसरलो असतो तर आज थोडं हलकं वाटलं असतं. टपरीपासून ती वाट पाच-सहा किलोमीटर असेल. ऊन चढलं होतं, नऊ जण हसत होते, पुढाऱ्यानं मध्येच उठून मागे जाणं बरं दिसलं नसतं. मी मनाशी म्हणालो, गावातलं कोणी तरी लावेलच. आणि आणखी एक भजं उचललं.

पुढच्या रविवारी मी एकटाच गेलो. वाडी ओळखू येत नव्हती. गावातली मोकळी ढोरं आत शिरली होती. वेल तुडवलेले, डांगरं फोडलेली, गाळात खुरांचे खड्डे. मावशी उरलेले वेल सरळ करत होत्या. मला बघून म्हणाल्या, "पाहा सर, काय झालं ते. मी नेरले लग्नाले गेली होती, त्या शनिवारच्या संध्याकाळी ढोरकीनं काटी लावलीच नाही. कुंपणाले टेकवून तशीच सोडून गेला. इतक्या वर्साचा माणूस, पण भुलला."

माझ्या तोंडून निघालं, "अरेरे."

एवढंच. त्यापुढचं वाक्य तयार होतं. त्याऐवजी मी विचारलं, "त्याला विचारलं का?" त्या म्हणाल्या, "इचारलं. आधी म्हणे, लावली होती. मंग गप झाला." मी निघालो तेव्हा त्यांनी वाचलेल्या वेलाचं एक डांगर माझ्या पिशवीत घातलं. मी नको नको म्हणत होतो, तर म्हणाल्या, "इतक्या दुरून येता, रिकाम्या हातानं काहून जाता?" घरी बायकोनं ते कापलं आणि म्हणाली, साखरेसारखं आहे. मी डॉक्टरांचं निमित्त सांगून खाल्लं नाही. असा मी पथ्याचा पक्का.

त्यानंतर मी त्या गावाला जाणंच सोडलं. ग्रुपवर सांगितलं, तिकडचा रस्ता खराब झाला आहे. पावसाळा गेला, दिवाळी गेली. वर्गात पोरांना नकाशात दिशा कशा ओळखायच्या ते शिकवताना मला त्या वाटेचं तोंड दिसायचं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते माझ्या मनात भरदिवसा होतं.

यंदा माघात न राहवून गेलो. गाळात नवे वेल धरले होते, काटी लागलेली होती. ढोरांमागे मात्र दुसराच माणूस चालला होता. मी मावशींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "जुना ढोरकी आता ढोरं चारत नाही. त्या उन्हाळ्यापासून घरीच असते."

गावानं त्याला काढून टाकलं असणार, असं मी धरून चाललो आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. दहा सायकली, टेकवलेली काटी, टपरी, भजीसुद्धा. मावशी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "माह्या वेलाचं डांगर पिशवीत घालून नेलं, अन् तवाबी गप राह्यले तुमी?"

त्यांनी गाळात माखलेले हात पदराला पुसले.

"आता मले कायले सांगून राह्यले? त्याले सांगा."

त्याचं घर गावाच्या कडेला होतं. साठी ओलांडलेला वाळका माणूस अंगणात अंबाडीचा दोर वळत बसला होता. मला त्यानं ओळखलं, बाज पुढे केली. मी बसलो नाही. म्हणालो, "काका, त्या शनिवारी काटी तुम्ही लावली होती. रविवारी सकाळी मी काढली आणि तशीच ठेवून गेलो. तुमच्यावर आळ आला आणि मी बोललो नाही. माझ्यामुळे गावानं तुमची ढोरं काढून घेतली."

त्याचा हात दोरावर थांबला. तो रागावेल, शिव्या देईल, अशी माझी तयारी होती. खरं तर माझी तशी इच्छाच होती.

तो म्हणाला, "गावानं काही नाही काढली. मीनंच सोडली." मग थांबून म्हणाला, "मले याद होतं का मी लावली. दगड बी ठेवला होता. पण काटी तर टेकवलेली भेटली, मी ठेवतो तशीच. मंग म्हटलं, मीच भुललो असन. वय झालं, डोकं चालत नाही आता. ज्याले काटीची याद राहत नाही, त्यानं दुसऱ्याची ढोरं कायले सांभाळा?"

दारात त्याची बायको येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "तवापासून घराची कडी तीन तीन डाव पाह्यते हा माणूस. जेवलो का नाही, तेबी मले इचारते."

वाडी पुन्हा लागते, यंदा लागलीच होती. पण या माणसाला मी त्याच्याच डोक्याविरुद्ध साक्षीला उभं केलं होतं, आणि त्यानं माझी बाजू खरी मानली होती.

"म्हणजे लावली होती मी?" त्यानं विचारलं.

"लावली होती, काका. दगडही ठेवला होता. तो मी माझ्या हातानं काढला."

तो बायकोकडे वळला. "ऐकलं काय वो? दगड बी ठेवला होता." मग मला म्हणाला, "सर, अजून एक डाव सांगा. तिच्यासमोर सांगा."

मी पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. त्यानं एकेका वाक्याला मान हलवली, बायकोला चहा ठेवायला सांगितलं, दोर हातात घेतला. दोन पीळ दिले आणि माझ्याकडे न बघता तिसऱ्यांदा विचारलं, "पक्कं नं, सर?"