शेवटचं नाव

आमच्या सोसायटीतल्या हौशी गायकांची बैठक लीलाताई भरवतात. कोण काय गाणार, कुठल्या पट्टीत, सगळं आठवडाभर आधी ठरलेलं. याला सगळे संगीतसेवा म्हणतात. सेवा आपलं गाणं झालं की संपते. परवाच्या रविवारीही प्रत्येकाने टाळ्या घेतल्या, चहा घेतला आणि चप्पल शोधली. मैफलीत शेवटी गाणं हा मोठा मान. यादीत तिथे लीलाताई होत्या. त्यांच्या भैरवीला तबलजी आणि मी, एवढेच उरलो.

"तुम्हीही निघा," तानपुरा लावत त्या म्हणाल्या. "घरी वाट बघत असतील."

घरी वाट बघणारं कुणी नाही, हे मी सांगितलं नाही.

"माझा चहा संपायचाय अजून."

भैरवी संपेपर्यंत त्यांनी दोनदा डोळे उघडले, मी आहे ना हे बघायला.