तिसरी जहागीर

“जे हाय ते गायचं. न्हाय ते न्हाय गायचं.”

डोंगरीची विल्माबाय हे उठता बसता म्हणायची. गावात लग्न निघालं की आदल्या संध्याकाळी बाया नवऱ्यामुलाच्या आंघोळीचं पाणी आणायला त्याच्याच विहिरीवर जातात. पुढे मातीच्या घड्याला कातडं ताणलेलं घुमट वाजतं आणि मागे गाणं. त्या गाण्यात नवऱ्याच्या घरची मिळकत एकेक कडव्यातून सांगायची. पहिली जहागीर घराची, दुसरी होडीची, तिसरी विहिरीची. चाळीस वर्षं पहिला सूर विल्माबायचाच.

मीरा रोडच्या शैला मॅडम एकदा ही गाणी वहीत उतरवायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “विल्माबाई, पुस्तकातली जहागीर म्हणजे राजाने सरदाराला दिलेला मुलूख. पोवाड्यात ती घोड्यांबरोबर आणि तलवारींबरोबर येते. राजाची मर्जी गेली की तो काढूनही घेई.”

विल्माबायने मासळीचे हात पदराला पुसले. “मंग आमची मोठी. आमची कुनी दिलेली न्हाय. आमी खनली.”

मॅडमनी तेही लिहून घेतलं. पण गाण्यातली एक गोष्ट त्यांनी विचारली नाही आणि विल्माबायने सांगितली नाही. एखाद्याची होडी बुडाली, जमीन गेली, तर त्या कडव्याला बाया गप्प राहत. तेवढा वेळ नुसतं घुमट वाजे. जुन्या बाया तेव्हा डोक्यावर पदर घेत.

आज आल्बर्टच्या रेनॉल्डचं पाणी होतं. दुपारी विल्माबाय विहिरीच्या काठाला फुलं बांधायला गेली, तर वाटेवर निळे पत्रे उभे. पत्र्यांना दार आणि दाराशी खुर्चीवर वॉचमन.

“किधर जाना है, आंटी?”

“विहिरीवर.”

“कुआँ तो बंद कर दिया. अब ये सब बिल्डर का है.”

पत्र्याच्या फटीतून तिने पाहिलं. विहिरीच्या जागी ओली लाल माती थापलेली होती. फुलांची परडी तशीच घेऊन ती आल्बर्टच्या मांडवात आली आणि त्याला स्वयंपाकाच्या चुलीमागे गाठलं.

“कदी इकली?”

आल्बर्टने आधी इकडे तिकडे बघितलं. “हळू बोल, बाय. भावांनी सह्या केल्या, मंग मी एकटा काय करू? पोराला अजून सांगितलं न्हाय.”

रेनॉल्ड सात वर्षं जहाजावर होता. आता कायमचा परतला होता. विहिरीशेजारी दोन खोल्या बांधायच्या आणि खाली भाजीचा मळा लावायचा, असं त्याने होणाऱ्या बायकोला, टॅनियाला सांगितलं होतं. त्या शब्दावर टॅनियाने वसईची नोकरी सोडली होती. उद्या सकाळी दोघं चर्चमध्ये उभी राहणार होती.

“लगीन होऊ दे, मंग सांगतो,” आल्बर्ट म्हणाला. “पानी नळाचं भरू. वरात पत्र्यापर्यंत नेऊन फिरवू. विहीर साफ करतायत म्हनू. तू फक्त गा.”

“त्या पोरीला उद्या शब्द देनार तो. कसला देनार?”

“एक कडवं हाय, बाय. एका कडव्याने काय होतं?”

“पाच वाजता घुमट उचलतील. तोवर सांग.”

ती मांडवात खांबाला टेकून बसली. चार वाजले. आल्बर्ट मुलाजवळ गेला, त्याच्या कॉलरवरची धूळ झटकली आणि परत आला. साडेचारला पुन्हा गेला, तेव्हा टॅनियाच्या मावश्या येऊन बसल्या होत्या. हा पोरगा पाळण्यात होता तेव्हा त्याच विहिरीच्या पाण्याने तिने त्याला न्हाऊ घातलं होतं.

पाच वाजले. घुमट कडाडलं. बायांनी कळश्या डोक्यावर घेतल्या आणि रेनॉल्ड हसत सगळ्यांच्या पुढे झाला.

“पहिली जहागीर घराची,” विल्माबायने सूर लावला आणि बायांनी झेलला. वळणावर दुसरी, होडीची. बाया नाचत होत्या. आल्बर्ट कडेकडेने चालत होता आणि त्याची नजर तिच्या ओठांवर होती. निळे पत्रे दिसले.

घुमटवाल्याने तिसऱ्या कडव्याचा ठोका दिला. विल्माबायने ओठ मिटले.

ठोका एकटाच चालत राहिला. मागच्या दोन म्हाताऱ्यांनी पदर डोक्यावर घेतला. मग तिसरीने. नाचणाऱ्या पोरी जागच्या जागी थबकल्या.

“काय मावशी, दम लागला?” रेनॉल्ड हसला. “माझी तिसरी जहागीर कुठाय?”

त्याने पदर पाहिले आणि पत्रे पाहिले. मग दाराशी जाऊन तो फटीतून आत बघत राहिला. बराच वेळ.

“साफ करतायत, बाळा,” आल्बर्ट म्हणाला.

रेनॉल्ड वळला. “मावशी, तू सांग.”

विल्माबायने डोक्यावरची रिकामी कळशी उतरवून त्याच्या हातात दिली. “माजं सांगून झालं. आता बापाला बोलू दे. आनि टॅनियाला आज सांग, उद्या न्हाय.”

एवढं बोलून ती निघाली, चौकाच्या दिशेने, रस्त्याच्या कडेकडेने. चाल संथ होती आणि पदर आता तिच्याही डोक्यावर होता. रेनॉल्ड कळशी धरून बापासमोर उभा होता. बाया खाली मातीकडे बघत होत्या. वळणावर ती दिसेनाशी होईपर्यंत एकटा आल्बर्ट तिच्याकडे बघत राहिला. मुलाकडे बघायचं त्याला जमत नव्हतं.